मशीन कुणाचं, बॅटरी कुणाची

नाव एकाचं आणि मालकी दुसऱ्याची, ही गोष्ट शहाडकरांना नवी नाही. स्टेशनाजवळच्या सेंचुरी रेयॉनला आपण आजही ‘सेंचुरी’च म्हणतो. पण तिथला धाग्याचा धंदा १५ वर्षं चालवण्याचा हक्क २०१८ साली ग्रासिमकडे गेला, आणि मूळच्या सेंचुरी टेक्स्टाइल्स कंपनीचं नाव २०२४ मध्ये आदित्य बिर्ला रिअल इस्टेट झालं. सगळं बिर्लांच्याच घरात, तरी पाटी एक आणि कागद दुसरा. शेजारच्या उल्हासनगरचा ‘मेड इन यूएसए’चा विनोद तर जगजाहीर आहे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन!

हे आठवायचं कारण माझा एक माजी विद्यार्थी. दहावीनंतर मामाच्या हाताखाली सुतारकामाला लागला, आता स्वतः मिस्तरी आहे. स्वयंपाकघरांची कपाटं, पलंग, दुकानांचं फर्निचर असली कामं घेतो. त्याची भिशी लागली होती आणि त्या पैशात बॅटरीवरची मशीनं घ्यायची होती. व्याजाचा हप्ता त्याला नको होता. म्हणजे खरेदी एकदाच होणार, आणि चुकली तर पुढची भिशी लागेपर्यंत तसंच ढकलायचं. त्यात व्हॉट्सॲपवर याद्या फिरत होत्या: अमुक ब्रँड अमक्या देशाचा, घेऊ नका, तमुक आपला, घ्या. त्याने मला विचारलं, “सर, तुम्ही वाचता ना? नक्की कोण कुणाचं आहे ते सांगा.”

मग मी वाचत बसलो. मराठीच्या मास्तराला ड्रिलचं काय कळणार, असं घरात हसून झालं. पण वाचलं ते कादंबरीपेक्षा रंगतदार निघालं.

पिवळ्या-काळ्या डिवॉल्टपासून सुरुवात करू. हे नाव एका अमेरिकन करवत बनवणाऱ्याचं. १९६० साली ब्लॅक अँड डेकरने ती कंपनी घेतली. पुढे अडचण अशी झाली की ब्लॅक अँड डेकर म्हणजे घरगुती वापराचं मशीन, अशी कारागिरांची समजूत झाली होती. म्हणून १९९२ मध्ये कंपनीने पिवळा रंग आणि डिवॉल्ट हे जुनं नाव पुढे केलं. पिढीजात नावाची इज्जत कामी आली. २०१० मध्ये ब्लॅक अँड डेकर स्टॅनलीत विलीन झाली, त्यामुळे स्टॅनली, ब्लॅक अँड डेकर आणि डिवॉल्ट यांचं घर आज एकच.

लाल मिलवॉकी. नाव अमेरिकेतल्या शहराचं, पण २००५ पासून ती टेकट्रॉनिक या हाँगकाँगच्या कंपनीची आहे. रायोबी हे नाव जपानी, एईजी जर्मन. मात्र या नावांची हत्यारं हीच हाँगकाँगची कंपनी नाव वापरायचा परवाना घेऊन बनवते. म्हणजे नावसुद्धा भाड्याने मिळतं. हिताचीच्या ड्रिलचं तर नावच बदललं. हिताची कोकी ही कंपनी २०१७ मध्ये केकेआर या अमेरिकन गुंतवणूक कंपनीने घेतली आणि पुढच्या वर्षी मशीनवर ‘हायकोकी’ आलं. जर्मनीची मेटाबोही त्याच घरात आहे.

मकिता त्या मानाने सरळ. १९१५ साली नागोयात विजेच्या मोटारी दुरुस्त करणारं दुकान म्हणून सुरुवात झाली. आज ती शेअर बाजारात नोंदलेली जपानी कंपनी आहे आणि स्वतःच्याच नावाने मशीन विकते.

मी सर्वांत जास्त थबकलो ते बॉशपाशी. तिच्या भांडवलाचा सुमारे ९४ टक्के हिस्सा रॉबर्ट बॉश यांच्या नावाच्या एका धर्मादाय संस्थेकडे आहे. कंपनीच्या नफ्यातला वाटा त्या संस्थेकडे येतो आणि आरोग्य, शिक्षण अशा कामांवर खर्च होतो. श्टुटगार्टमधलं इस्पितळही तिचंच. आणि गंमत म्हणजे कारभाराची मतं या संस्थेकडे नाहीत, ती जवळपास सगळी वेगळ्या ट्रस्टकडे आहेत. आपल्याकडे वक्फचं उत्पन्न ज्याच्यासाठी आहे तो वेगळा आणि कारभार पाहणारा मुतवल्ली वेगळा, तशातलाच हा प्रकार वाटला. हुबेहूब वक्फ नव्हे. पण आपल्या वक्फच्या जमिनींचे हाल पाहणाऱ्याने थोडा वेळ विचार करावा असा नक्कीच. म्हणून लगेच बॉशला दुवा द्यावी असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात याच कंपनीच्या कारखान्यांत सक्तीने आणलेले मजूर राबले होते. मालकाचा इतिहास काढायचा तर पूर्ण काढावा.

आपल्या महाराष्ट्राची नावंही यात आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळची केपीटी, म्हणजे मूळची कुलकर्णी पॉवर टूल्स. मुलुंडची रॅलीवुल्फ, तिच्या नावातच मुंबईची रॅलीज आणि इंग्लंडची वुल्फ यांची भागीदारी आहे. जुन्या मिस्तरींच्या पेटीत हे जड, लोखंडी ड्रिल अजून सापडतं.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “सर, मालक कोणी का असेना, बॅटरी म्हणजे निकाह. मशीनं नंतरची पोरंबाळं.”

मुद्दा त्याचाच पक्का होता. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला सहसा लागत नाही. एवढंच काय, मालक एक असूनही लागत नाही. बॉशची निळी मशीनं कारागिरांसाठी आणि हिरवी घरासाठी. दोन्ही १८ व्होल्टची, पण बॅटऱ्या अदलाबदल होत नाहीत. मिलवॉकी आणि रायोबी एकाच कारखानदाराची, तरी त्यांच्या बॅटऱ्यांचं जमत नाही. आणि दुकानदार १८ पेक्षा २० व्होल्ट जास्त म्हणून दाखवतो, तोही शब्दांचा खेळ. आत पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात. प्रत्येकी ३.६ धरले तर १८, पूर्ण चार्ज झाल्यावरचे ४ धरले तर २०. बॅटरी तीच.

म्हणून खरी मालकी बॅटरीच्या खाचेत असते. मशीन आपलं झालं असं आपल्याला वाटतं, पण पुढची दहा वर्षं करवत, ग्राइंडर, स्क्रू मशीन कुठून घ्यायचं ते त्या खाचेने ठरवलेलं असतं. यादी फिरवणाऱ्यांपैकी कुणी हे लिहिलं नव्हतं.

याद्या वाईट म्हणून मी हे सांगत नाही. आपला पैसा कुणाकडे जातो हे विचारणं माणसाचा हक्क आहे, आणि काहींना ते फर्जही वाटतं. पण कुणी खबर आणली तर आधी तपासा, ही शिकवण सूरह हुजुरातमध्येच आहे. ज्या यादीत हायकोकी अजून हिताचीची आणि मिलवॉकी अजून अमेरिकेची आहे, त्या यादीवर एका मजुराची भिशी खर्च करायला सांगणं मला पटत नाही. यादी पाठवणाऱ्याचं काही जात नाही. त्याच्या घरात ड्रिल लागतं ते वर्षातून एकदा, पडदा टांगायला.

शेवटी त्याने मकिता घेतलं. मालकाकडे बघून नाही. त्याच्याबरोबर उल्हासनगर-कल्याणच्या साइटवर जाणारे तिघेही तीच बॅटरी वापरतात. एकाची उतरली की दुसऱ्याची लावायची, चार्जरवर पाळीपाळीने ठेवायची. नव्या इमारतीत वीज यायच्या आधी काम सुरू करावं लागतं, तेव्हा हेच उपयोगी पडतं. कल्याणात दुरुस्त करून देणारा माणूसही त्याने आधीच पाहून ठेवला होता. प्रत्येकाने आपापल्या बॅटरीवर पांढऱ्या रंगाने नाव लिहिलंय. त्याचं उर्दूत आहे, बाकी दोघांचं मराठीत, एकाचं हिंदीत. संध्याकाळी सामान आवरताना ज्याची त्याला परत मिळते.