बाचानच्या जंगलातला अली

इंडोनेशियाच्या नकाशावर बोर्निओ आणि न्यू गिनी या दोन मोठ्या बेटांच्या मध्ये बोट ठेवले, तर इंग्रजी 'के' अक्षरासारखे वेडेवाकडे हालमाहेरा बेट सापडते. त्याच्या पश्चिम किनाऱ्याला लागून लहान बेटांची रांग आहे. वर तेर्नाते, मग तिदोरे, आणि खाली दक्षिणेला बाचान. आपल्या बिर्याणीतली लवंग मूळची इथलीच. तिच्यासाठी अरब, गुजराती, जावी व्यापारी या पाण्यात येत राहिले आणि त्यांच्याबरोबर इस्लामही आला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तेर्नातेच्या राजाने, झैनुल आबिदीनने, सुलतान हा किताब घेतला. बाचानलाही स्वतःचा सुलतान होता. पुढे पोर्तुगीज आले, मग डच आले. भाव टिकावा म्हणून डचांनी आपल्या ताब्यातली बेटे सोडून बाकीची लवंगेची झाडे तोडायला लावली. पण या लेखात मला लवंगेबद्दल लिहायचे नाही.

1858 सालचा ऑक्टोबर महिना. बाचानच्या किनाऱ्याजवळ आल्फ्रेड रसेल वॉलेस नावाचा पस्तिशीतला इंग्रज आपल्या घरी परतत होता. त्याचा मदतनीस सकाळीच बंदूक घेऊन जंगलात गेला होता. तो परतला तेव्हा कमरेच्या पट्ट्याला पाखरे लटकत होती आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. त्याने एक पक्षी पुढे धरला आणि साहेबाला म्हणाला की, हे काय अजब पाखरू आहे ते बघा.

वॉलेसला आधी काही उमगेना. छातीवर झळाळता हिरवा रंग, तो दोन्ही बाजूंना टोकदार झुपक्यांत संपलेला. इथवर ठीक. पण दोन्ही खांद्यांतून दोन दोन लांब पांढरी पिसे ताठ बाहेर आलेली, जणू कुणी पाखराच्या खांद्यावर निशाणे रोवली आहेत. मदतनिसाने सांगितले की, पंख फडफडवताना हा पक्षी ही पिसे आपली आपणच उभारतो. त्याने ते झाडावर डोळ्यांनी पाहिले होते, साहेबाने पाहिले नव्हते. तो स्वर्गपक्ष्यांच्या कुळातला, विज्ञानाला तोवर ठाऊक नसलेला एक पक्षी होता. पुढच्या वर्षी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज रॉबर्ट ग्रे यांनी त्याचे शास्त्रीय नाव ठेवले, आणि ते ठेवले वॉलेसच्या नावावरून. आजही तो 'सेमिओप्टेरा वॉलेसी'च आहे.

ज्याने तो पाहिला, टिपला आणि आणला, त्याचे नाव अली.

अली सारावाकचा, म्हणजे बोर्निओच्या वायव्य किनाऱ्यावरचा मलय मुसलमान. वॉलेस 1854 मध्ये या बेटांकडे आला तेव्हा त्याच्याबरोबर लंडनहून चार्ल्स ॲलन नावाचा मुलगा होता. पण तो इतका वेंधळा की वॉलेसच्या घरी जाणाऱ्या पत्रांत त्याच्या तक्रारीच तक्रारी आहेत. 1855 च्या अखेरीस वॉलेसने अलीला नोकरीला ठेवले. तेव्हा अलीचे वय पंधरा-सोळाच्या आसपास असावे. ठेवले स्वयंपाकाला, आणि त्याच्याकडून मलय भाषा शिकायला. पोरगा होडी चालवण्यात पटाईत होता, स्वच्छ होता, हुशार होता. बघता बघता तो बंदूक चालवायला शिकला, मग पक्षी सोलायला शिकला, आणि थोड्याच दिवसांत या कामातला वॉलेसचा मुख्य माणूस झाला. सेलेबेस बेटावर अलीला तापाने गाठले तेव्हा पक्षी जमवण्याचे सगळे कामच मंदावले, असे वॉलेसने स्वतः नोंदवले आहे.

हे 'सोलणे' म्हणजे काय ते जरा समजून घेतले पाहिजे. विषुववृत्तावरच्या दमट हवेत मेलेले पाखरू दुपारपर्यंत कुजायला लागते. म्हणून जंगलातून आल्यावर आधी बसायचे ते याच कामाला. पोटावर बारीक चीर देऊन कातडी अशी उलटी काढायची की एक पीस मोडता कामा नये, रक्ताचा डाग पडता कामा नये. आतून सोमल लावायचे, म्हणजे कीड लागत नाही. मग कापूस भरून पाखराला पुन्हा त्याचा आकार द्यायचा, पायाला चिठ्ठी बांधायची आणि सुकवायचे. सोमल म्हणजे विष, बोटांना चीर पडलेली असली तर भोगावे लागते. आणि इतके करून मुंग्या येतात. न्यू गिनीच्या किनाऱ्यावर दोरे इथे काळ्या बारीक मुंग्यांनी छपरातच घर केले होते आणि माणसाच्या डोळ्यांदेखत त्या टेबलावरचे किडे उचलून नेत. वरून मोठ्या निळ्या माश्या सुकत घातलेल्या कातड्यांवर अंडी घालत. अली हे काम वर्षांमागून वर्षे करत होता, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर.

आजच्या वाचकाला एवढी पाखरे मारणे क्रूर वाटेल. मलाही वाटते. पण तेव्हा दुर्बीण आजच्यासारखी नव्हती, जंगलात न्यावा असा कॅमेरा नव्हता, आणि कातडी हातात असल्याशिवाय कोणताही तज्ज्ञ नव्या पक्ष्यावर विश्वास ठेवत नसे. आपले सलीम अलीही बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत कातडी काढायला आणि भरायला शिकले आणि पाहणीला जाताना बंदूक घेऊन गेले. पक्ष्यांबद्दल आज जे माहीत आहे ते त्या कपाटांतल्या कातड्यांवर उभे आहे, हे नाकारून चालत नाही.

1856 च्या जून महिन्यात हे दोघे बाली बेटावर दोनच दिवस थांबले आणि तिथून समुद्र ओलांडून लोंबोकला गेले. मधली सामुद्रधुनी सुमारे 35 किलोमीटर रुंद. बालीत वॉलेसने जे पाहिले त्यात सुगरण होती, तांबटाच्या जातीचा पक्षी होता, हळद्या होता, सुतार होता. कोकणात किंवा विदर्भात राहणाऱ्या आपल्या घरच्या मुलांनाही ही कुळे ओळखीची. लोंबोकला उतरताच ती नाहीशी झाली. तिथे पांढरे काकाकुवे, ऑस्ट्रेलियातले मधपक्षी, आणि अंड्यांवर न बसता पालापाचोळ्याच्या ढिगात ती पुरून ठेवणारी रानकोंबडीसारखी पाखरे. एका बेटावर आशिया संपते आणि समोरच्या बेटावर ऑस्ट्रेलियाचे राज्य सुरू होते. हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून अधिक खाली गेला तेव्हा बाली जावाला आणि जावा आशियाच्या भूमीला जोडले गेले होते. लोंबोकची सामुद्रधुनी मात्र इतकी खोल की ती तेव्हाही कोरडी पडली नाही. भूगोलाच्या पुस्तकातली 'वॉलेस रेषा' ती हीच.

वर्षअखेर मकासारहून त्यांनी बुगी लोकांच्या प्राऊत, म्हणजे मोठ्या शिडाच्या नौकेत, जागा मिळवली आणि अरू बेटांकडे निघाले. आपल्या खलाशांना जसे मोसमी वाऱ्याचे गणित पाठ असे तसेच बुगींनाही. डिसेंबर-जानेवारीत पश्चिमेचा वारा धरून जायचे आणि जुलैच्या सुमारास वारा फिरला की परतायचे. बुगी मुसलमान, पट्टीचे दर्यावर्दी. अरूहून ते मोत्याचे शिंपले, समुद्रकाकडी, पाकोळीची खाण्याची घरटी आणि स्वर्गपक्ष्यांची कातडी आणत.

या स्वर्गपक्ष्यांची युरोपात फार मोठी दंतकथा होती. शिकारी लोक कातडी सुकवताना पाय कापून टाकत. बिनपायांचे ते सुंदर पक्षी पाहून तिकडच्या विद्वानांनी ठरवले की हे जमिनीवर उतरतच नाहीत, सदैव सूर्याकडे तोंड करून उडत राहतात. 1758 मध्ये लिनियसने त्यातल्या एकाचे नावच 'अपोडा', म्हणजे बिनपायाचा, असे ठेवून दिले. बिचाऱ्याला चांगले मजबूत पाय आहेत! अरूच्या जंगलात पहाटे नर पक्षी एका उंच झाडावर जमतात, पंख उंचावून, सोनेरी पिसांचा पिसारा पाठीवर फुलवून माद्यांपुढे नाचतात. तिथले लोक फांद्यांत पानांचा आडोसा करून बसत आणि बोथट टोकाच्या बाणाने त्यांना पाडत, म्हणजे रक्त सांडून पिसे खराब होत नाहीत.

याच अरूमध्ये वॉलेसच्या हातात पहिल्यांदा राजा स्वर्गपक्षी आला. लहानसा, लालभडक, शेपटीला दोन तारा आणि तारांच्या टोकाला हिरव्या नाण्यासारखी वेटोळी. तो आणणारा होता बादेरून, मकासारचा मुलगा. त्या पक्ष्याकडे पाहताना वॉलेसच्या मनात आलेला विचार मला या साऱ्या प्रवासातला सर्वांत मोलाचा वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या हे सौंदर्य कुणी माणूस पाहायला नसताना या रानात जगले आणि मेले. आणि सुधारलेला माणूस इथे पोचला की तो या रानाचा समतोल बिघडवून याच पाखरांचा नाश करील. म्हणजे सगळे सजीव काही माणसासाठी घडवलेले नाहीत. सूरह अल-अनआममध्ये जमिनीवरचे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी यांना आपल्यासारख्याच उम्मती म्हटले आहे, ते वाचणाऱ्याला हा विचार परका वाटू नये. वॉलेस धार्मिक नव्हता, आणि उत्क्रांतीच्या वादात मी इथे शिरत नाही. एवढेच सांगतो की 1858 च्या फेब्रुवारीत, तापाने फणफणलेला असताना, त्याने याच बेटांवर तो प्रसिद्ध निबंध लिहिला आणि डार्विनला पाठवला.

त्यानंतर ते न्यू गिनीला गेले. दोरेचे दिवस फार वाईट गेले. पाऊस, ताप, आमांश. जून महिन्यात जुमात नावाचा मुलगा वारला. बुतोन बेटाचा, वय अठराच्या आसपास. वॉलेसची सगळी माणसे मुसलमान होती, त्यांनी आपल्या रिवाजाप्रमाणे त्याला दफन केले. कफनासाठी कोरे सुती कापड वॉलेसने दिले. त्याच्या पुस्तकात ही हकीकत दोन-तीन ओळींत आली आहे आणि लगेच पुढे किड्यांची गोष्ट सुरू होते. मी मात्र तिथे थांबलो. घरापासून इतक्या लांब, अनोळखी किनाऱ्यावर, आपल्या सोबत्यांनी पढलेली ती जनाज्याची नमाज. त्यात अलीही उभा असणार.

आणि त्यानंतर चारच महिन्यांनी बाचान.

आठ वर्षांत वॉलेसने सुमारे 22,500 किलोमीटर प्रवास केला आणि त्याच्याच हिशेबाप्रमाणे 1,25,660 नमुने गोळा केले. त्यांत 8,050 पक्षी होते. त्यांतले कितीतरी अलीच्या बंदुकीचे आणि अलीच्या बोटांचे. 1869 मध्ये या प्रवासावरचे पुस्तक निघाले आणि ते डार्विनला अर्पण झाले. वॉलेस कृतघ्न होता असे मी म्हणणार नाही. बाचानचा तो पक्षी अलीने आणला हे त्याने लपवले नाही. त्या काळच्या कितीतरी साहेबांनी ते लपवले असते. आत्मचरित्रातही त्याने अलीची मनापासून तारीफ केली आहे. पण त्याच्या बापाचे नाव, गावाचे नाव कुठे लिहिले नाही. पक्ष्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर मात्र ठिकाण आणि तारीख असे.

तेर्नातेला वॉलेसने घर घेतले होते. अंगणात गोड थंड पाण्याची खोल विहीर, भोवती फळझाडे, बाजार पाच मिनिटांवर. अलीने याच गावात लग्न केले. बायको माहेरीच राहायची आणि अली साहेबाबरोबर बेटांवर फिरायचा. 1862 मध्ये सिंगापूरला दोघांची ताटातूट झाली. निघताना वॉलेसने पैशांशिवाय आपल्या बंदुका, दारूगोळा आणि हत्यारे त्याला देऊन टाकली आणि त्याचा फोटो काढून घेतला. कोट घातलेला, केस विंचरलेला, गंभीर चेहऱ्याचा सावळा तरुण.

तिथून वॉलेस आपल्या मुंबईमार्गे गेला. त्याच्याबरोबर दोन जिवंत स्वर्गपक्षी होते, सिंगापुरात शंभर पौंड मोजून घेतलेले. मुंबईत तो आठवडाभर थांबला आणि पाखरांसाठी केळी भरून घेतली. पुढे माल्टाला एका बेकरीतून झुरळे गोळा केली. दोन्ही पाखरे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सुखरूप पोचली. युरोपात जिवंत पोचलेल्या पहिल्या काही स्वर्गपक्ष्यांत ती होती.

निशाणवाले पाखरू आजही बाचान आणि हालमाहेराच्या रानात आहे. पहाटे नर झाडाच्या शेंड्यावरून वर झेप घेतात आणि पांढरी पिसे उभारून तरंगत खाली येतात. हालमाहेरात मात्र निकेलच्या खाणींसाठी रान तुटते आहे. बॅटऱ्यांना आणि पोलादाला निकेल लागते. लवंग गेली, निकेल आले.

1907 मध्ये थॉमस बार्बर नावाचा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ तेर्नातेला आला होता. रस्त्यात त्याला एक सुरकुतलेला म्हातारा भेटला. डोक्यावर विटलेली निळी फेज टोपी. म्हातारा पुढे झाला आणि आपली ओळख सांगितली: अली वॉलेस. पंचेचाळीस वर्षांनंतरही त्याने साहेबाचे नाव आपल्या नावाला जोडून ठेवले होते.

बार्बरने वॉलेसला हे कळवले. वॉलेस तेव्हा चौऱ्याऐंशीच्या घरात होता. त्याने आनंदाने उत्तर पाठवले, अलीने एका जबर तापात आपली शुश्रूषा करून आपला जीव वाचवला होता ही आठवण काढली. ते पत्र पुढे बार्बरकडून हरवले. त्याची हळहळ त्याला जन्मभर राहिली.