आय इम ग्लास

आमच्या घरी न्याहारी आठला आणि जेवण साडेअकराला, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. या दोहोंच्या मध्ये एखादं तिसरं खाणं सुखाने नांदू शकतं, हे मला सत्तरी ओलांडल्यावर व्हिएन्नात कळलं. ‘ब्रंच’ हा शब्द गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८९५ साली छापून आणला. शनिवारी रात्री जागलेल्या माणसाला रविवारी लवकर उठायला लावू नये, असं त्याचं म्हणणं. आमच्याकडे अशा माणसाला अंगावरचं पांघरूण ओढून उठवत. तिकडे त्याचा लेख छापला.

मुलगी नऊ वर्षं व्हिएन्नात आहे. तिची आई गेल्यापासून “बाबा, या की इकडे” चालू होतं. शेवटी गेलो. व्हिसा नव्वद दिवसांचा. रविवारी तिथे झाडून सगळी दुकानं बंद. एरवी किराणा, इस्त्री आणि जावयाच्या चुका काढण्यात जाणारा वार अगदी मोकळा. म्हणून दर रविवारी दहा-अकरा जण एका कॅफेत जमतात. कुणी आयरिश, कुणी इजिप्शियन, एक ब्राझीलची, दोन आमच्यासारखे. यातला एकही जण मूळचा व्हिएन्नाचा नाही, हीच सभासदत्वाची अट असावी.

“बाबा, चला. घरी बसून काय करणार?”

१८७६ साली उघडलेल्या त्या प्रसिद्ध कॅफे सेंट्रलपुढे पर्यटकांची रांग असते; आमचा कॅफे गल्लीतला. आत शिरलो आणि दारातच थबकलो. समोर इराण्याची खुर्ची! तीच गोल बैठक, तीच वाकवलेल्या लाकडाची पाठ. जिच्यावर बसून मी उमेदवारीच्या काळात बनमस्का बुडवून खाल्ला, तिचं माहेर हे होतं तर! मिखाएल थोनेटने १८५९ साली ही चौदा नंबरची खुर्ची काढली. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या सुट्या करून मावत. बसल्यावर माझ्या पाठीने तिला ओळखलं. तिने मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. दरम्यान माझं वजन वाढलंय.

काळ्या कोटातला वेटर आला. त्याला ‘हेर ओबर’ म्हणायचं, असं मुलीने बजावून ठेवलं होतं. चेहरा बघता ‘हेर’ मला तंतोतंत पटलं. कॉफीच्या यादीत ‘क्लायनर ब्राउनर’, म्हणजे छोटा तपकिरी. कुणीतरी मलाच हाक मारतंय असं वाटून मी मान वर केली. खाण्याच्या पानावर ‘आय इम ग्लास’. आय ग्लासात! मी दचकलो. तिकडे ‘आय’ म्हणजे अंडं. अर्धवट उकडलेली दोन अंडी सोलून पेल्यात घालून देतात. मी आपला पावासारखा दिसणारा झेमेल आणि लोणी मागवलं. ते बनमस्काच निघालं, फक्त बिलात त्याने सूट घातला होता.

कॉफीबरोबर चांदीसारख्या तबकात पाण्याचा पेला येतो, त्यावर पालथा चमचा. एका कॉफीवर तीन तास बसा, कुणी उठवत नाही. उलट पाणी पुन्हा भरून आणतात. लाकडी दांड्याला अडकवलेली वर्तमानपत्रं फुकट. ही कॉफीहाउसची रीत २०११ साली ऑस्ट्रियाने युनेस्कोच्या आपल्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत घातली. आमचा इराणी मात्र भिंतीवर सूचना लावून मोकळा होई. वारसा म्हणून मला तोही कमी वाटत नाही.

या मंडळींतली वडीलधारी म्हणजे केरळच्या एक निवृत्त सिस्टर. सत्तरच्या दशकात केरळातून मुली इथल्या इस्पितळांत परिचारिका म्हणून आल्या, त्यांतल्या. नव्याला त्या एकच प्रश्न विचारत, “परत कधी?” आणि नवा माणूस, आयरिश असो की इजिप्शियन, एकच उत्तर देई, “दोन वर्षं.” मग सगळे हसत. सिस्टरही घरून दोन वर्षांसाठीच निघाल्या होत्या.

त्या दिवशी त्यांनी माझ्या मुलीला चेष्टेने विचारलं, “आणि तुझं?”

“दोन वर्षं,” ती म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो. विमानतळावर तिच्या आईला तिने हेच सांगितलं होतं. तेव्हा मी मनातल्या मनात हिशेबही मांडला होता, तिची खोली रंगवायला कधी काढायची याचा. रंग अजून बाकी आहे.

मग सिस्टर माझ्याकडे वळल्या. “तुमचं?”

“गुरुवारी,” मी म्हणालो. “दोन वर्षंसुद्धा नाहीत, बघा.” टेबल जरा गप्प झालं. उगीच बोललो, असं वाटलं. मुलगी पाण्याच्या पेल्यावरचा चमचा उलटासुलटा करत बसली.

बिलाची वेळ झाली. इथे वेटर विचारतो, “त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?” एकत्र की वेगवेगळं? दर रविवारी सगळे “गेट्रेन्ट” म्हणत आणि प्रत्येकजण आपापल्या झेमेलचे पैसे मोजून देई. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला लाज वाटली होती. आमच्याकडे बिलावरून अशी झटापट होते की वेटरच्या हातातला कागद फाटतो; फाटल्यावर मग तो खरा स्नेही ठरतो.

कुणी तोंड उघडायच्या आत मी हात वर केला. “हेर ओबर! त्सुझामेन!”

अकरा जणांचं बिल. वेटरचा भुवईचा केस हलला. त्या शहरात याला गडबड म्हणतात. आयरिश माणूस “पुढच्या वेळी माझं” म्हणाला. ब्राझीलची मुलगी म्हणाली, “त्यापुढचं माझं.” सिस्टरनी पर्स उघडून माझ्या खिशात एक केळ्याच्या वेफर्सची पुडी कोंबली. ती बहुधा केरळहून आली असावी.

ट्रॅममध्ये मुलगी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “बाबा, त्सुझामेनचा अर्थ माहीत होता ना तुम्हाला?”

“अर्थ माहीत होता,” मी म्हणालो. “आकडा माहीत नव्हता.”