अज्ञान राजाची मुखत्यारी

कारंज्याहून अमरावतीच्या वाटेने तळेगाव मागे टाकले की वर्धा नदी आडवी येते, आणि १८०३ च्या देवगावच्या तहाने तिच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेल्यावर हीच नदी नागपूरच्या दौलतीची सरहद्द ठरली होती, हे आठवले म्हणजे आमचा हा संत्र्यांचा, कपाशीचा प्रांत एकेकाळी राज्याच्या अगदी काठावर उभा होता याची जाणीव मनास होते. या काठावरच्या पाटलांनी आणि कुणब्यांनी १८१८ च्या पावसाळ्याच्या तोंडी ऐकले असेल की, नागपूरच्या गादीवर आता जेमतेम दहा वर्षांचा धनी बसला आहे.

मागील दोन वर्षांत त्या गादीने फार काही पाहिले होते. दुसरे रघूजी १८१६ त वारले. त्यांचे अंध आणि पंगू पुत्र परसोजी १८१७ च्या फेब्रुवारीत मारले गेले. त्यांच्यामागून गादीवर आलेल्या आप्पासाहेबांनी नोव्हेंबरात सीताबर्डीवर इंग्रजांशी झुंज घेतली, ती हरली आणि पुढे पदच्युत होऊन त्यांना परागंदा व्हावे लागले. तेव्हा परसोजींच्या विधवा दुर्गाबाई यांच्या मांडीवर थोरल्या महाराजांचा दौहित्र बाजीबा गुजर यास दत्तक देऊन तिसरे रघूजी म्हणून त्यांचा राज्याभिषेक करण्यात आला. वाड्याचा आणि बालराजाच्या संगोपनाचा भार आजी बाकाबाईंकडे राहिला, मुलकी कारभार मात्र रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याच्या हाती गेला. जेन्किन्स हा कर्तबगार माणूस होता. मराठ्यांची वहिवाट फारशी न मोडता त्याने जमाबंदीस शिस्त लावली आणि १८२७ मध्ये या मुलखाविषयी लिहिलेला त्याचा अहवाल आजही अभ्यासकास उपयोगी पडतो. परंतु तो ज्यास जबाबदार होता तो धनी नागपुरास नव्हे, कलकत्त्यास बसला होता.

हा विचार मनात येतो तेव्हा मला नेहमी चीनच्या हान वंशातील सम्राट झाओ याची आठवण होते. ख्रिस्तपूर्व ८७ मध्ये सम्राट वू मरण पावला आणि आठ वर्षांच्या या पोराच्या मस्तकी साम्राज्य आले. राजमातेच्या हाती सत्ता जाऊ नये म्हणून वूने आधीच त्याच्या आईचा जीव घेतला होता, ही त्या राज्यारोहणाची अतिशय क्रूर बाजू. कारभार हुओ ग्वांग या विश्वासू सरदाराकडे आला. पुढे दरबारातील विरोधकांनी, दूरच्या यान प्रांतात असलेल्या, सम्राटाच्या वडील भावाच्या नावाने, हुओ ग्वांग बंडाच्या तयारीत आहे असे खोटे पत्र पुढे केले. तेव्हा चौदा वर्षांच्या सम्राटाने शांतपणे विचारले की, ज्या सैनिकी नेमणुकीची ही तक्रार आहे तिला दहा दिवसही झालेले नाहीत, मग ती इतक्या दूर कळली कशी? माझ्या मते त्या राज्यकालाचे सारे वैभव या एका प्रश्नात आहे. राजा लहान होता, पण निर्णय त्याचा होता. त्याच्या दरबारात त्याच्या शब्दावर पारिपत्य होऊ शकत होते.

तिसऱ्या रघूजींना असा प्रश्न विचारण्याची सोयच ठेवलेली नव्हती. ते वयात आले तेव्हा १८२६ च्या तहाने काही मुलूख त्यांच्या हवाली झाला, उरलेला १८२९ च्या तहानंतर. आणि दोन्ही वेळी जे मिळाले ते कंपनीने दिले म्हणून मिळाले.

झाओ विशीतच निपुत्रिक वारला. हुओ ग्वांगने त्याच्या जागी बसविलेला वारस नालायक ठरताच सत्तावीस दिवसांत खाली उतरविला आणि सामान्यांच्या वस्तीत वाढलेला, वूचा पणतू शोधून काढून त्यास सिंहासनावर आणले. तो पुढे सम्राट शुआन म्हणून नावाजला. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी, तेही निपुत्रिक, वारले. वारस येथेही मिळाला असता, आप्तांत मुले होती, दत्तकाचा रिवाज होता, ज्या रिवाजाने खुद्द मृत राजास गादीवर बसविले तोच तो. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो मानला नाही. १८५४ त राज्य खालसा झाले, राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्यास रवाना झाले, आणि ज्या बाकाबाईंनी त्या मुलास लहानाचे मोठे केले त्या वृद्धपणी हे सारे पाहत राहिल्या.

आमचे इतिहासकार आप्पासाहेबांवरून थेट डलहौसीकडे येतात. मधली पस्तीस वर्षे, ज्यांत या नदीकाठचा शेतसारा कोणत्या दराने ठरला, कमाविसदार कसे वागले, पाटलांस काय सोसावे लागले हे सारे घडले, त्यांच्याविषयी कुणी नागपूरच्या दप्तरांत बसून सविस्तर लिहील तर मी ते आस्थेने वाचीन.