खटका

बाबांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीं आईनें माझ्यापुढें एक जुनी पत्र्याची पेटी आणून ठेविली आणि ती म्हणाली, "एवढें काम तुझ्याच हातून व्हावयास हवें. ठाण्यांत मला एकटीला जाणें जमणार नाहीं." पेटींत बाबांचें रिव्हॉल्व्हर होतें व त्याच्याखालीं घडी घातलेला परवाना होता.

मी मूळचा सोलापूरचा. गेलीं सत्तावीस वर्षें नोकरीनिमित्त अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत राहतों व आतां तेथीलच नागरिक आहें. शस्त्र ही वस्तु मला नवी नाहीं. माझ्या तेथील घरीं सहा वर्षांपासून एक ग्लॉक 17 जातीचें पिस्तूल आहे. तरीहि ती पेटी उघडतांना माझा हात अडखळला. कां, तें सांगावयाचें तर आधीं माझ्या पिस्तुलाची हकीकत सांगितली पाहिजे.

या पिस्तुलाचा जनक गॅस्टन ग्लॉक हा ऑस्ट्रियांतील एक कारखानदार. पडद्यांच्या कांबी, सैन्यासाठीं सुऱ्या असल्या जिनसा तो करीत असे. पिस्तूल त्यानें पूर्वीं कधीं केलेलें नव्हतें. कदाचित् त्यामुळेंच जुन्या चालीचें दडपण त्याच्या मनावर नसावें. 1982 मध्यें ऑस्ट्रियाच्या सैन्यानें पसंत केलेल्या त्याच्या पिस्तुलाची नळी व वरचा सरकता भाग पोलादाचा आहे. पण खालचा सांगाडा पोलिमरचा, म्हणजे चिवट प्लास्टिकचा. असें पिस्तूल क्ष-किरणांना दिसणार नाहीं, अशी आवई त्या दशकांत अमेरिकेंत उठली होती. ती खोटी ठरली. कारण वजनानें त्याचा बहुतेक भाग धातूचाच असतो. ब्राउनिंगचें 1911 सालचें प्रसिद्ध पोलादी पिस्तूल रिकामें असतांहि किलोहून अधिक भरतें व त्याच्या मॅगझिनमध्यें सात काडतुसें मावतात. माझें पिस्तूल मॅगझिनवांचून सुमारें 630 ग्रॅम भरतें आणि त्यांत सतरा काडतुसें मावतात.

रूपानें तें अगदींच निरस आहे. जुन्या शस्त्रांच्या मुठीला लांकडाचा तुकडा असे, त्यावर थोडेंफार नक्षीकाम असे; हें पाहिलें कीं स्वयंपाकघरांतील एखाद्या यंत्राची आठवण होते. परंतु गुण गुणच. उन्हाळ्यांतल्या घामानें त्याची मूठ गंजत नाहीं, कीं थंडींत हाताला गारठा लागत नाहीं. रविवारीं चांदमारीच्या मैदानावर जाऊन मीं आजवर दोनएक हजार काडतुसें झाडलीं असतील. तें एकदांहि अडलें नाहीं. माझ्यासारख्या कच्च्या नेमाच्या माणसालाहि वीस पावलांवरचा कागद त्यानें भेदावयास शिकविलें.

एक गोष्ट मात्र त्याला नाहीं. पुष्कळशा जुन्या पिस्तुलांना एका अंगाला खटका असतो; तो सरकविल्यावांचून बार निघत नाहीं. ग्लॉकचे तिन्ही खटके आंत दडविलेले आहेत. चापाच्या मधोमध एक लहानशी जीभ आहे. बोट नीट चापावर पडलें कीं ती दबते, आणि चाप ओढतां ओढतां उरलेले दोन खटके आपोआप सुटतात. हातांतून पडल्यास पिस्तूल उडूं नये, ही काळजी त्या योजनेंत घेतलेली आहे. परंतु बोटानें चाप ओढला, तर तें दुसऱ्यांदा विचारीत नाहीं. साफसफाईसाठीं तें उलगडावयाचें तरी आधीं चाप ओढावाच लागतो. नळींत एखादें काडतूस विसरून राहिलें असेल तर काय होईल, हें सांगावयास नको. खरा खटका म्हणजे आपलें मन, असें तेथील जाणते शिकवितात. मला तें पूर्णपणें पटलें होतें.

तीन वर्षांपूर्वींची डिसेंबरांतील एक रात्र. ही भारतांत आलेली होती. मुलगी दूरच्या शहरीं विद्यापीठांत शिकत होती. दोनच्या सुमारास खालीं मागचें दार कोणीतरी चांचपडत उघडीत असल्याचा आवाज आला. आमच्या आळींत त्या महिन्यांत दोन घरफोड्या झालेल्या होत्या. भरलेलें पिस्तूल उशाशींच होतें. तें हातांत केव्हां आलें, अर्धा जिना मी केव्हां उतरलों, हें मला आठवत नाहीं. एवढेंच आठवतें, कीं हातांत कांहीं आहे असें वाटतच नव्हतें. इतकें तें हलकें होतें. दार उघडलें. एक काळी आकृति आंत आली. माझें बोट चापावर होतें आणि ती जीभ दबलेली होती.

तेवढ्यांत ती आकृति वांकली आणि पायांतले बूट काढूं लागली.

चोर कांहीं बूट काढून घरांत येत नाहीं. सोलापूरच्या घरीं आजीनें दारांत पायताण काढण्याची संवय आम्हां सर्वांना लाविली होती, व ती मीं मुलीला लाविली होती. मी जिन्यावर मटकन बसलों. तिनें दिवा लाविला तेव्हां पिस्तूल माझ्या पाठीमागें होतें. "बाबा, न कळवितां येऊन तुमची गंमत करायची होती," ती हंसून म्हणाली. ती रात्र मीं आजवर कोणाला सांगितली नाहीं, हिलाहि नाहीं.

बाबांची पेटी उघडतांना मला ती रात्र आठवली. त्यांचें रिव्हॉल्व्हर कानपूरच्या सरकारी कारखान्यांतलें, .32 चें, सहा काडतुसांचें. अक्कलकोट रस्त्यावर आमचा चादरींचा लहानसा कारखाना होता. दर शनिवारीं मजुरीची रोकड बँकेंतून आणावी लागे, म्हणून त्यांनीं परवाना काढला होता. पेटींत काडतुसें दिसलीं नाहींत. मीं विचारलें तेव्हां आई उठून देवघरांत गेली आणि देव्हाऱ्याखालच्या कप्प्याचें कुलूप काढून, वातींच्या डब्याशेजारचें एक पुडकें घेऊन आली.

"हीं तुझ्या बाबांपाशीं कधींच नसत," ती म्हणाली. "परवाना आला त्याच दिवशीं त्यांनीं या कप्प्याची किल्ली मला दिली. म्हणाले, मला राग लवकर येतो. शनिवारीं सकाळीं मागून घेत, संध्याकाळीं मोजून परत देत. एकदां रात्रीं परसांत खुडबुड झाली. मला उठवून किल्ली मागूं लागले. मीं म्हटलें, आधीं दिवा लावा. दिवा लाविला तों शेजारचे म्हातारे अण्णा भिंतीला धरून उभे! भ्रम झाला होता बिचाऱ्यांना. आपलेंच घर समजून आलेले."

थोडें थांबून ती पुढें म्हणाली, "खंडेनवमीला त्याला हळदकुंकू मीच वाहत असें. पण खरें सांगूं? निवडणूक आली म्हणजे तें ठाण्यांत जमा करावें लागे. त्या दिवसांत तुझे बाबा जसे गाढ झोपत, तसे एरवीं कधीं झोपले नाहींत."

बाबांना त्या परवान्याचा मोठा अभिमान होता, आणि त्याचें कारणहि मला ठाऊक होतें. आमच्या सोलापुरानें बंदूक पाहिली ती तिच्या नळीसमोर उभें राहून. 1930 च्या मे महिन्यांत येथें गोळीबार झाला, लष्करी कायदा पुकारला गेला. आणि 12 जानेवारी 1931 रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यास फांसावर गेले. 1878 च्या कायद्यानें इंग्रज सरकारनें या देशांतील प्रजेच्या हातून हत्यार काढून घेतलें होतें. त्या दिवसांच्या गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकत बाबा वाढले. आपल्या सरकारनें आपल्यावर विश्वास ठेवून शस्त्र दिलें, हें त्यांना भूषण वाटे.

तो विश्वास मिळावयास त्यांना आठ महिने लागले होते. अर्ज, चौकशी, जबाब, पुन्हा चौकशी. वर्षाला किती काडतुसें घ्यावयाचीं याचीहि परवान्यावर नोंद. 1959 च्या आपल्या कायद्याखालीं माझ्या पिस्तुलाची 9 मिलिमीटरची जात सामान्य नागरिकाला मिळतच नाहीं. 2019 पासून तर एका माणसाला दोहोंपेक्षां अधिक शस्त्रें ठेवतां येत नाहींत. टेक्सासमध्यें मीं दुकानांत एक अर्ज भरला, दुकानदारानें चौकशी करून घेतली, आणि पाऊण तासांत पिस्तूल घेऊन मी घरीं आलों. 2021 पासून तेथें तें बाळगून हिंडावयासहि बहुतेक प्रौढांना परवाना लागत नाहीं. बाबांच्या त्या आठ महिन्यांना मी पूर्वीं हंसत असें. दिरंगाई म्हणजे शहाणपण, असें मी आजहि म्हणणार नाहीं. परंतु माझ्या पिस्तुलाचे सारे खटके पिस्तुलाच्या आंत आहेत, आणि माझ्या एका बोटानें ते सुटतात. बाबांचे खटके बाहेर होते: एक ठाण्यांत, एक परवान्याच्या कागदावर, आणि सर्वांत बळकट तो देवघरांत, आईच्या कनवटीला. आपलें मन हाच खरा खटका, हें त्यांनाहि कोणीतरी सांगितलें असेल. पण त्यांना आपलें मन ठाऊक होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघें ठाण्यांत गेलों. अंमलदारानें रिव्हॉल्व्हरवरचा क्रमांक परवान्याशीं ताडून पाहिला, काडतुसें मोजून घेतलीं व पावती दिली. सही आईनें केली. बाहेर आल्यावर तिनें ती किल्ली कनवटीची सोडून माझ्या हातांत ठेविली. "आतां त्या कप्प्यांत वातीच राहतील," ती म्हणाली.

त्या रात्रीं मीं हिला दूरध्वनि केला आणि डिसेंबरची ती हकीकत पहिल्यानें सांगितली. ती बराच वेळ कांहींच बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, "त्या पिस्तुलाची किल्ली कोठें असते?"

मीं म्हटलें, "त्याला किल्ली नाहींच."

"मग येण्यापूर्वीं तेथूनच एक चांगलें कुलूप घेऊन या," ती म्हणाली, "आणि किल्ल्या दोन्ही माझ्याकडे द्या."