भाड्याचे घर आणि मनाचे स्वास्थ्य

आरोग्याच्या पाक्षिकात घरभाड्याविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. माझ्यापुरते त्याचे उत्तर सरळ आहे. माझ्या यजमानांना गेली ९ वर्षे कंपवात आहे. त्यांची सारी नोकरी खासगी कारखान्यात झाली, त्यामुळे निवृत्तिवेतन नाममात्र. उमेदीच्या काळात कोथरूडला घेतलेली एक लहान सदनिका तेवढी आहे. तिचे दरमहा १६,००० रुपये भाडे येते आणि त्यातूनच त्यांची दिवसभर शुश्रूषा करणाऱ्या मावशींचा पगार भागतो. भाडे थकले की आमच्या घरी पहिला प्रश्न उभा राहतो तो यांना अंघोळ कोणी घालायची, हा. आपल्यापैकी अनेकांची स्थिती थोड्याफार फरकाने अशीच असेल. त्यांच्यासाठी हे चार अनुभवाचे शब्द.

पहिली गोष्ट कराराची. सध्याचे भाडेकरू म्हणजे एक तरुण दांपत्य. घर पाहायला आले तेव्हा त्यातला मुलगा मोठ्या अदबीने म्हणाला, "काकू, आम्ही काय पळून जाणार आहोत? करार कशाला?" मी म्हटले, "बाळा, विश्वास आहे म्हणूनच तर घर देते आहे. कागद माझ्या आठवणीसाठी. उद्या मी विसरले, किंवा मी नसले, तर काकांनी कोणाला विचारायचे?" दोघे हसले आणि करार झाला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार घर भाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सने देण्याचा करार लेखी असणे आणि नोंदवलेला असणे सक्तीचे आहे. ती जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय नोंदलेला करार नसताना वाद झाला, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. '११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याने एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची केल्यामुळे ही प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र ११ महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. हे काम आता आधार क्रमांक व बोटांचे ठसे देऊन घरबसल्या होते. वयोमानाने ठसे पुसट झाले असतील, तर येणाऱ्या माणसाला आधीच कल्पना द्यावी, म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही. त्याबरोबरच भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवण्यासही विसरू नये.

या कागदाचे मोल आम्हाला आधीच्या एका भाडेकरूच्या वेळी कळले. मुदत संपली, तरी 'पुढच्या महिन्यात नक्की सोडतो' हे पालुपद ३ महिने चालले. भाडेही थांबले. दूरध्वनीवर माझा आवाज चढला की पलीकडच्या खोलीत यांचा हात अधिक थरथरू लागे. ताणाने कंप वाढतो, हे डॉक्टरांनी सांगितलेलेच होते. कोणी सुचवले, पाणी तोडा, वीज तोडा. तो सल्ला मी मानला नाही आणि आपणही मानू नये. तसे केल्याने आपली न्याय्य बाजू लंगडी होते आणि आपणच कायद्याच्या कचाट्यात सापडतो. मी फोनवरची वादावादी बंद केली आणि वकिलांकरवी नोटीस पाठवली. मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून कलम २४ नुसार दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते, आणि त्यासाठीचा अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करता येतो, एवढेच तीत लिहिले होते. ३ आठवड्यांत घर रिकामे झाले.

थकलेले भाडे अनामत रकमेतून वळते करता आले, कारण ती शाबूत होती. अनामत हे आपले उत्पन्न नव्हे. ती औषधपाण्याच्या खर्चात मिसळू देऊ नये, वेगळ्या मुदतठेवीत ठेवावी. वर्षाचे भाडे १२ महिन्यांचे न धरता १० महिन्यांचे धरावे. एक महिना घर रिकामे जाते आणि एका महिन्याचे भाडे रंग, नळ, गीझर यांत जाते. मदतनिसाचा ३ महिन्यांचा पगार नेहमी शिलकीत असावा. भाडे रोखीने न घेता बँकेतच घ्यावे. प्राप्तिकराच्या हिशेबात आपण भरलेला मिळकतकर भाड्यातून वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. तिच्यासाठी दुरुस्तीच्या पावत्या लागत नाहीत. घर भाड्याने दिल्याबद्दल गृहनिर्माण संस्था जे बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असा २००१ चा शासन आदेश आहे. आपले देयक एकदा ताडून पाहावे.

आता शुश्रूषा करणाऱ्या मुलामुलींना दोन शब्द. आईवडिलांचे भाड्याचे व्यवहार आपण पाहत असाल, तर त्यांची समज शाबूत आहे तोवरच कागदपत्रे पूर्ण करावीत. अनेकांची समजूत असते की मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे पुढची चिंता मिटली. वास्तविक मुखत्यारपत्र देणाऱ्याची सारासार बुद्धी गेली की कायद्याने ते पत्रही निष्प्रभ ठरते, आणि मग पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. स्मृतिभ्रंशाची पहिली चिन्हे दिसू लागलेल्या घरांनी याचा आजच विचार करावा. भाडे जमा होणारे खाते 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीचे असले, तर निदान मावशींचा पगार अडत नाही.

आणि ज्येष्ठांनो, घर शक्यतो आपल्याच नावावर राहू द्यावे. बक्षीसपत्र करायचेच ठरले, तर सांभाळ करण्याची अट त्या दस्तात स्पष्ट लिहावी. ती अट पाळली गेली नाही, तर ज्येष्ठांच्या चरितार्थ व कल्याणाविषयीच्या २००७ च्या कायद्यानुसार ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. मन मोकळे करायला किंवा मार्ग विचारायला ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत सेवाही आहे.

घर यांच्या नावावर आहे, त्यामुळे भाडे जमा झाल्याचा संदेश मी दरमहा यांना वाचून दाखवते. आवाज क्षीण झाला आहे, तरी "मावशींचे आधी दे" एवढे ते आवर्जून सांगतात. आजाऱ्याच्या हाती काही कारभार उरलेला असणे, हेही त्याच्या प्रकृतीला मानवते. म्हणून हे निर्णय त्यांच्या पाठीमागे घेऊ नयेत.

या पंधरवड्यात एक काम अवश्य करावे. नोंदलेला करार, मिळकतकराची पावती, अनामतीच्या ठेवीची पावती, आणि नळवाला, वायरमन व वकील यांचे दूरध्वनी क्रमांक एका फायलीत लावावेत. वर ठळक अक्षरांत कराराची मुदत संपण्याची तारीख लिहावी आणि औषधांचा डबा जिथे असतो, तिथेच ती फाईल ठेवावी. रात्री-अपरात्री रुग्णालयात जावे लागलेच, तर मागे राहिलेल्या माणसाला ती लगेच सापडेल.