आमच्या गांवची पाळ

आमचें गांव भंडारा जिल्ह्यांत, साकोलीच्या बाजूस आहे. माझे पणजोबा तेथील मालगुजार होते. "तलाव आपल्या पूर्वजांनीं बांधला," असें लहानपणापासून ऐकत आल्यामुळें मला त्याचा मोठा अभिमान वाटे. गांवचा इतिहास लिहावा, या हेतूनें मीं एका दिवाळीच्या सुटींत घरांतील कागदांची जुनी पेटी उघडली.

पेटींत गांवचा नकाशा, खसरा व वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गांवच्या वहिवाटींची नोंद, असे कागद निघाले. १८५४ सालीं भोसल्यांचें नागपूरचें राज्य खालसा झालें. पूर्वीं मालगुजार केवळ सारा गोळा करून भरीत. १८६० नंतरच्या बंदोबस्तांत सरकारनें त्यांस गांवाची मालकी दिली. आमची मालकी ती हीच! आमचें घराणें त्याच सुमारास या गांवीं आलें. परंतु त्या बंदोबस्ताच्या नकाशांत तलाव आधींच होता. पाळ आमच्याहून जुनी ठरली.

मन खट्टू झालें. गांवांतील एका वृद्ध कोहळी आजोबांपाशीं जाऊन मीं विचारलें, "आजोबा, तलाव कोणीं बांधला?" ते हंसून म्हणाले, "बापू, मालक बदलत गेले. माती वाहणारे हात आमचेच." तलाव बांधण्यांत कोहळ्यांचा हातखंडा. गोंड राजांनीं त्यांस काशीकडून आणिलें, अशी आख्यायिका आहे. नवेगांवबांधचें विस्तीर्ण तळें बांधणारा कोलू पाटीलही कोहळीच.

मग पणजोबांनीं कांहींच केलें नाहीं काय? तसेंही नव्हे. पाणी कोणीं कोणत्या क्रमानें घ्यावें, हें कागदांत लिहिलेलें आहे. उन्हाळ्यांत लोकांस जमवून पाळ दुरुस्त करविणें हें मालगुजाराचें काम. त्यांत वेठही असे. १९५१ सालीं मालगुजारी संपली, तें योग्यच झालें. तलाव सरकारजमा झाला. माजी मालगुजारी तलाव म्हणून लोक त्यास 'मामा तलाव' म्हणतात. पाण्यावरचा हक्क सर्वांस आठवतो. गाळ काढण्यास हांक मात्र कोणी देत नाहीं.

मीं लिहिलेली पहिली ओळ खोडली आणि "हा तलाव गांवानें बांधला," असें लिहून वडिलांस दाखविलें. ते क्षणभर स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "असेंच राहूं दे. उन्हाळ्यांत टोपली घेऊन प्रथम आपणच जाऊं."