दोन स्प्रिंगा

आमच्या वसईच्या अंगणात, बदामाच्या झाडाखाली, १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. बाबांच्या निधनानंतर ती कित्येक वर्षे ताडपत्रीखाली निपचित पडून होती. गतवर्षी आईने आम्हा दोघा भावांना बोलावून सांगितले, "ठाण्याला आक्काला भेटायचं आहे. ह्याच गाडीतून न्या." मावशी अंथरुणाला खिळली होती. आम्ही गाडी सुरू केली आणि निघालो. परंतु घोडबंदर रस्त्यावर काजूपाड्याच्या चढाला इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येऊ लागला. निरुपायाने आम्ही माघारी फिरलो. आई वाटेत एक शब्दही बोलली नाही.

गावातील वृद्ध मेस्त्रींनी डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे त्यांच्या भाषेत 'डेल्को', उघडला. आत दोन छोटी वजने व त्यांना आवरून धरणाऱ्या दोन स्प्रिंगा होत्या. त्या थकल्या होत्या.

ह्या स्प्रिंगांचे कार्य मोठे नाजूक असते. पेट्रोलच्या वाफेचे मिश्रण जळण्यास सेकंदाचे दोन-तीन सहस्रांश लागतात. मिनिटाला ८०० फेऱ्या असताना एका सहस्रांशात इंजिन जेमतेम ५ अंश फिरते. ३००० फेऱ्यांना तेच १८ अंश फिरते. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडावी लागते. फिरताना वजने बाहेर झुकतात व ठिणगी पुढे सरकवतात; किती आणि केव्हा, हे स्प्रिंगा ठरवतात. स्प्रिंग कमजोर असेल तर ठिणगी अवेळी पुढे धावते व इंजिन खडखडते. फार कडक असेल तर ती मागे रेंगाळते, गाडी ओढत नाही आणि तापते.

मेस्त्रींनी जुन्या स्प्रिंगांची डबी आणली. प्रथम दोन्ही जाड बसवल्या. खडखड थांबली, पण गाडी धापा टाकू लागली. मग दोन्ही बारीक बसवल्या. अंगणात ॲक्सिलरेटर दाबताच गाडी उसळली! आम्ही हर्षभरित झालो. लगेच निघण्याची घाई केली. मेस्त्री शांतपणे म्हणाले, "रिकाम्या गाडीत सगळ्याच स्प्रिंगा चांगल्या वाटतात, बाबांनो. ह्या वजनांना वेग कळतो, ओझं कळत नाही." तांदळाची पोती व शेजारची मुले गाडीत भरून आम्ही जवळच्या चढावर गेलो. खडखड पुन्हा सुरू झाली.

अखेर एक बारीक व एक जाड, अशी जोडी बसवली. जाडीचा आकडा किंचित सैल होता. त्यामुळे आरंभी बारीकच ताण धरी, वेग वाढल्यावर जाड तिच्या मदतीला येई. टायमिंग लाइटच्या उजेडात पुलीवरील खूण सावकाश पुढे सरकली, ठरल्या जागी थांबली, आणि वेग उतरताच मागे आली.

पुढच्या रविवारी आम्ही काजूपाड्याचा चढ चढलो. आई खिडकीच्या दांड्याला धरून कान देऊन बसली होती. माथ्यावर आल्यावर म्हणाली, "तुमच्या बाबांच्या हाती अशीच चालायची." त्या दुपारी दोघी बहिणी हातात हात घेऊन बसल्या. दोन महिन्यांनी मावशी गेली.

त्या दिवशी आमच्या घाईप्रमाणे निघालो असतो, तर पुन्हा अर्ध्या वाटेवरून परतलो असतो. तिसरी संधी कदाचित मिळालीच नसती. नको झालेल्या त्या बारीक स्प्रिंगा आईने एका डबीत जपून ठेवल्या आहेत.